संकल्प वापस

सेक्टर २, भिलाई
२१ डिसेंबर

वसू,

तू रायपूरले गेली तेव्हापासून तुहा फोन तुहा पीए शुभंकरच उचलते. पोरगा चांगला आहे, मले 'दादा' म्हणते. पण दर वेळी "मैडम मीटिंग में हैं" आयकून मले वाटाले लागलं का मी तुहा नवरा नाही, पाण्याच्या टाकीची तक्रार घेऊन आलेला कोणी मानूस आहो. म्हणून लिहून राहिलो. शुभंकर बंगाली. अक्षरं वाचन, पण मराठी त्याले समजणार नाही. घरातलं घरात राहीन.

तुही आमदारकीची शपथ भूमीनं मोबाइलवर दाखवली. माह्या बहिणीनं दिलेली हिरवी साडी नेसली होती तू, बरं वाटलं. 'ईश्वर की शपथ' म्हणताना तुहा आवाज जरासा हालला. भूमी म्हणे, "मम्मी नर्वस है." मी म्हणलं, तुही आई सुपेल्यात दारूभट्टीच्या आंदोलनात पोलिसाच्या गाडीपुढं आडवी झाली तेव्हा नाही घाबरली, आता काय घाबरते.

क्वार्टरचं काही विचारू नको. सकाळपासून फाटकाशी चपलांचा ढीग पडते. कोणाले बदली पाहिजे, कोणाले नातीची अॅडमिशन. मी सांगतो का बाई रायपूरले आहे, तरी चहा पिल्याशिवाय जात नाहीत. रेल मिलमध्ये माहा फोरमन, जो मले 'ए धनंजय' म्हणे, तो आता विचारते, सेकंड शिफ्ट चालन ना भाऊ? क्रेनच्या केबिनमध्ये चढलो का खालचे पोट्टे सलाम ठोकतात. मी हासतो. मनातून बरं वाटते, खोटं कावून सांगू.

एक गोष्ट मात्र बोलायची राहून गेली. सुपेल्याच्या प्रचारसभेत तू मले स्टेजवर बलावणार हे ठरलेलं होतं. पण भूमीच्या शाळेची गोष्ट सांगशीन हे मले माहीत नव्हतं. मी पिऊन शाळेच्या गेटवर गेलो आन् दुसऱ्याच पोरीचा हात धरून 'चल भूमी' म्हणलं, ते पोरगी रडाले लागली, आन् आपली भूमी तिथंच उभी राहून पाहत होती. हे घरातही आपुन पुन्हा कधी बोललो नव्हतो. तू ते माइकवर सांगतलं. मी मागं हात जोडून उभा. समोरच्या बायांनी डोळ्याले पदर लावले. मंग तू माह्याकडे हात करून म्हणली, "ये वही आदमी है. अब छूता तक नहीं. मैंने अपने घर की भट्टी बंद की है, अब आपकी बंद करूँगी."

अशी टाळी मी आजपर्यंत आयकली नव्हती. मले तेव्हाच समजलं का तू निवडून आली.

भूमी पहिल्या रांगेत होती. घरी येऊन ती जेवली नाही. म्हणे, डोकं दुखते.

मी रागावलो नाही, वसू. त्या टाळीचा फायदाही झाला. आता पूर्ण सुपेला मले ओळखते. दारूच्या दुकानाच्या रस्त्यानं गेलो तरी चार जणं माह्याकडे पाहतात. एवढा मोठा पहारा कोण्या डॉक्टरनं बसवला नसता.

बस्तीतली कलावती येऊन गेली, अंगाकर रोटी, म्हणजे तांदळाची जाड भाकर, घेऊन. तिचा नवरा फकिरा बरा आहे म्हणे, वेल्डिंगच्या दुकानात रोज जाते. आमी दोघं सोबत पीत होतो, सोबतच सोडली, त्यामुळं ती मलेही त्याच्याच मापानं मोजते. जाताना विचारत होती, "भाऊ, ताई पहिला कायदा भट्टीचाच करन ना?" मी म्हणलं, पहिलाच.

बरोबर सांगतलं ना?

धनंजय


सेक्टर २
९ जुलै

वसू,

सत्काराले आली तेव्हा तू घरी चहाच तेवढा पिला. गाड्या बाहेर चालूच होत्या. मी वांग्याची भाजी केली होती, भूमीनं सांगतलंही होतं तुले. असो.

तुहा फोटो पेपरात मोठा आला. 'विधायिका के प्रयास से हटी शराब दुकान.' मी कापून ठेवला. पण मी त्या दिवशी सत्काराले कावून आलो नाही, हे तुले सांगायचं आहे. तब्येतीचं कारण शुभंकरले सांगतलं, ते खरं नव्हतं.

भट्टी मेन रोडवरून हालली हे खरं. गेली कुठं, तू पाहिलं का? कलावतीच्या बस्तीच्या मागच्या गल्लीत. नवीन जाळी बसवली, लाइनीसाठी लोखंडाचे पाइप लावले, वर सरकारी पाटी. त्याच गल्लीतून पोरी ट्यूशनले जातात. कलावती माह्या दारात उभी राहून म्हणे, "पहिले आमच्या मानसाले भट्टीपर्यंत जा लागे. आता भट्टीच घरापर्यंत आली, भाऊ." मी तिले बस म्हणलं, तर बसली नाही.

हे मी तुले फोनवर सांगतलं तर तू चिडली. म्हणली का मेन रोडवरून हटवली हे पहिलं पाऊल आहे, सगळं एका दिवसात होत नाही, क्रेन चालवणं वेगळं आन् सरकार चालवणं वेगळं. मी म्हणलं, सरकार तू कुठं चालवतं, तू तर मागच्या बाकावर बसतं. हे मी बोलाले नव्हतं पाहिजे. तू फोन ठेवला.

सभागृहातला तुहा प्रश्न मी आन् भूमीनं पाहिला. राज्यात किती दुकानं, शाळेपासून किती दूर, बंद कधी करणार. एकदम बरोबर विचारलं तू. मंत्री उठले, म्हणे 'जानकारी एकत्रित की जा रही है', आन् बसले. तू पुरवणी प्रश्न विचारासाठी उभी राहिली तर अध्यक्षांनी दुसऱ्याचं नाव घेतलं. तू किती वेळ उभी होती. मले वाटलं स्क्रीनमधी हात घालून तुले खाली बसवावं.

फकिरा विचारत होता, माहिती गोळा कराले एवढा वेळ कावून लागते? दुकानं तर त्यांचीच आहेत.

धनंजय


सेक्टर २
२६ फेब्रुवारी

वसू,

तू रात्री फोनवर जे समजावून सांगतलं ते मले समजलं. मी येडा नाही. पण बसमधलं तुले माहीत नाही, ते लिहून ठेवतो.

चार वर्षांनी तुहा संकल्प, म्हणजे दारूबंदीचा ठराव, चिठ्ठीत निघाला, शुक्रवारी चर्चा होणार, हे शुभंकरनं सांगतलं तेव्हा मी स्वतः बस्तीत जाऊन सांगून आलो. पास तूच पाठवले. कलावती आन् तिच्या सोबतच्या सगळ्या बाया, ज्या तुह्यासंग उन्हात बसल्या होत्या, त्या पहाटेपासून तयार. मिनी बस केली. कोणी केसात माळलं, कोणी नवीन चपला घातल्या. कलावतीनं पुडीत हळदकुंकू घेतलं होतं, तुले लावासाठी. ते विधानसभेच्या गेटवर मोबाइलसोबत जमा करून घेतलं. आत काहीच नेता येत नाही म्हणे.

वरच्या गॅलरीत आमाले बसवलं. शिपाई येऊन सांगून गेला, टाळी वाजवायची नाही, बोलायचं नाही, पाय पुढच्या कठड्याले लावायचे नाहीत. बाया इतक्या गुमान बसल्या का मले त्यांची कीव आली. जेवणानंतरची वेळ, खालचे निम्मे बाक रिकामे.

तुहं नाव पुकारलं. तू चांगली बोलली, वसू. मी तुहे भाषणं लय आयकले, पण हे सगळ्यात चांगलं होतं. तू राज्यात पूर्ण दारूबंदी करावी असा ठराव वाचला. मंग सुपेल्याच्या बस्तीतल्या एका बाईची गोष्ट सांगतली, नाव न घेता. कलावतीनं माहा हात दाबला. तिले समजलं का ती आपणच.

समोरच्या बाकावरचे लोक ओरडाले लागले का मतदान घ्या, मतदान घ्या. तुह्या बाजूचे गप्प. मंत्र्यांनी सांगतलं का समिती बसवू, समिती इतर राज्यांचा अभ्यास करन. मंग तुह्याच पक्षाच्या पहिल्या रांगेतल्या त्या पांढऱ्या केसाच्या मानसानं मान वळवून तुह्याकडे पाहिलं. 

तू उठली. "मंत्रीजी के आश्वासन से मैं संतुष्ट हूँ. मैं अपना संकल्प वापस लेती हूँ."

अध्यक्षांनी विचारलं, सदन की अनुमति है? हो म्हणले. झालं. पुढचा मानूस उठून कोण्या पुलाबद्दल बोलाले लागला.

मी तुह्याकडे पाहत होतो. तू वर पाहिलं नाही.

आता आयक. बायांले काही समजलंच नाही. त्यांले वाटलं तू बोलली, मंत्री बोलले, सगळे हो म्हणले, म्हणजे कायदा झाला. बाहेर आल्यावर त्या एकमेकीच्या गळ्यात पडल्या. बस सुटली तशा गाणं म्हणाले लागल्या. मी समोर ड्रायव्हरजवळ बसलो होतो. वाटलं घरी गेल्यावर सांगू, उद्या सांगू, पेपरात येईनच. पण मागून कलावती मोठ्यानं म्हणे का आज फकिराले सांगते, आता तुले परीक्षाच द्या लागणार नाही. तेव्हा मले राहवलं नाही. कुम्हारी गाव अजून यायचं होतं. मी उठून मागं गेलो आन् सांगतलं.

गाणं बंद झालं. कलावतीनं विचारलं, "वापस म्हणजे काय? दुकानातून आणलेली वस्तू वापस करतात, तसं?"

मी हो म्हणलं.

"मंग तिनं आणली कावून होती?"

हेच मी रात्री तुले फोनवर विचारलं. तू म्हणली का मत टाकले असते तर ठराव पडलाच असता. पक्षाच्या विरोधात मत दिलं असतं तर आमदारकी गेली असती, आन् पक्षासोबत दिलं असतं तर तोंड दाखवाले जागा नसती. वापस घेतलेला ठराव पुन्हा आणता येते. हे सगळं बरोबर असन. तू हुशार आहे, आधीपासून. मी तुले एवढंच विचारतो का बायांले बलावलं कावून? त्यांले घरी बसू देती. पास तूच पाठवले ना?

भूमी तुह्यासोबत बोलली का? मले तिनं काही विचारलं नाही, मीही सांगतलं नाही.

धनंजय


सेक्टर २
१८ सप्टेंबर

वसू,

तुही बहीण म्हणे का मी पत्र लिहिणं बंद केलं म्हणून तू विचारत होती. मले वाटलं तुले मिळतच नाहीत.

फकिराचं सगळं तुले माहीत नाही. तू आली तेव्हा कोणी सांगणार नव्हतं, म्हणून मी सांगतो.

बस आली त्या आठवड्यातच त्यानं सुरू केली. मी त्याले आणाले गेलो भट्टीवर. लाइनीत उभा होता. मले पाहून लाजला नाही. म्हणे, "बाईनं वापस घेतलं, मीही वापस घेतलं. तू कावून तापून राहिला?" मी त्याले हाताले धरून घरी आणलं. दोन-तीनदा आणलं. मंग वेल्डिंगच्या मालकानं त्याले ठेवलं नाही, आन् तो दिवसभर तिथंच राहू लागला. घरून बाहेर पडलं का गल्ली, गल्लीत भट्टी. जायाले मेहनतच नव्हती.

पावसाच्या दिवसांत सकाळी तो नालीत पडलेला दिसला. तोंड पाण्यात होतं. नाली वीतभर खोल. मी आन् बाजूच्या दोघांनी काढलं, तो गेलेला होता. कलावती उंबऱ्यात बसली होती, तिनं फक्त त्याच्या अंगावरचा सदरा बदलासाठी दुसरा सदरा आणून दिला. 

तू भेटाले आली, चार गाड्या, फोटोवाले. मी तिथंच कोपऱ्यात होतो, तू मले मान हालवली. कलावतीनं तुले 'बसा' म्हणलं. पहिले ती तुले 'बस ना ताई' म्हणे. तुह्यासाठी चटई टाकली आन् स्वतः उठून बाहेर निंघून गेली. तू त्या रिकाम्या खोलीत फोटोवाल्यांसंग बसून राहिली. कोणाशी बोलावं तुले समजत नव्हतं. तेव्हा मले तुही लय दया आली. उठून तुह्याजवळ बसावं वाटलं. पण तुह्या बाजूले शुभंकर बसला होता.

शुभंकरनं तुले माह्याबद्दल काही सांगतलं असन तर ते पूर्ण खरं नाही. मी भट्टीच्या लाइनीत उभा होतो, हे खरं. नुसता उभा होतो. फकिरा जिथं उभा राहे तिथं. त्या पाइपाले हात लावून पाहत होतो. तिथं कोणी आता माह्याकडे पाहत नाही, पहिले पाहत होते. काउंटरवरचा पोट्टा म्हणे, काका, लेना है तो लो, लाइन मत रोको.

भूमी तुह्याकडे राहाले गेली ते बरं झालं. कॉलेज तिकडूनच जवळ पडते. जाताना जरा भांडली माह्याशी. म्हणे, "पापा, झूठ मत बोलो." लहानपणी माह्याशी मराठीतच भांडे, आता रागात हिंदी निघते तिची. तिले सांग, दिवाळीले ये. मी सगळं घर साफ करून ठेवतो.

अक्षर खराब आलं, वाचून घे. हाताले जरा कापरं आहे. गोळ्या चालू आहेत.

धनंजय


सेक्टर २
६ नोव्हेंबर

वसू,

आता लपवासारखं काही राहिलं नाही. मी पितो. रोज पितो. मेडिकल लीव्ह संपली, मिलमधून बलावणं येऊन गेलं, क्रेनवर ते मले चढू देणार नाहीत आन् त्यांचं बरोबर आहे. हे सगळं तुले माहीत होतं. तरी तू परवा आली.

मले वाटलं तू माह्यासाठी आली. चपला काढून आत आली, ओट्यावरची भांडी घासली. मी म्हणलं राहू दे. तू म्हणली, "घासू द्या, लय दिवस झाले." मंग चहा केला. आपुन दोघं स्वयंपाकघरात खाली बसून पिलो, पहिल्यासारखं. तू भूमीचं सांगत होती, का तिले हॉस्टेलमध्ये जायाचं आहे, का ती तुह्याशीही बोलत नाही. तुहे डोळे भरले. मी तुह्या पाठीवर हात ठेवला. माहा हात हालत होता, तो तुले पाठीवर लागला असन.

मंग तू म्हणली, पक्षानं पुन्हा तिकीट दिलं, पण खूप कठीण आहे. लोक विचारतात नवरा कुठं आहे. विरोधकांनी कुजबुज सुरू केली. सुपेल्यात सभा आहे, तुमी फक्त उभं राहा.

मी म्हणलं, मी कसा उभा राहू, मले पाहिल्याबरोबर लोकांले समजन.

तू शांतपणानं म्हणली, "एक तास. फक्त एक तास सांभाळा. मंग मी तुमाले जिंदगीत काही मागणार नाही."

मी आलो. नाही म्हणता आलं असतं. पण तू भांडी घासली होती.

शुभंकरनं दाढी करून दिली, इस्त्रीचा कुडता घातला. गाडीत तू माह्या बाजूले बसली. स्टेज दिसाले लागलं तसे माहे हात आवरेनात, मी ते मांडीखाली दाबून ठेवले. तू पर्समधून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आन् माह्या हातात दिली. "थोडं घ्या. हात हालतात."

ते पाणी नव्हतं.

मले तुह्याकडे पाहायचं होतं, तू खिडकीबाहेर पाहून लोकांले नमस्कार करून राहिली होती. मी पिलो. तू परत हात पुढं केला, बाटली घेतली, झाकण लावलं, पर्समध्ये ठेवली.

स्टेजवर शुभंकरनं मागून माहं कोपर धरलं होतं. तू या वेळी भट्टीचं नाव काढलं नाही. कायद्याचंही नाही. तू म्हणली का सरकार जागृती करन, केंद्रं उघडन, घराघरातून बदल होईन, आन् हे पाहा माह्या घरातून झाला. माइक माह्यासमोर आला. मी म्हणलं, "मैंने छोड़ दी है. बहन को वोट दो." बायकोले बहन म्हणलं मी. लोक हासले, मंग टाळ्या वाजवल्या. त्यांले वाटलं मी गंमत केली.

कलावती सभेत नव्हती. रस्त्याच्या पलीकडं भाजीच्या ठेल्यावर मिरच्या निवडत होती. भोंग्यातून तिले सगळं आयकू गेलं असन. तिनं मिरच्या घेतल्या, पदराले बांधल्या आन् गेली.

तू जिंकशीन. मले माहीत आहे. ती टाळी मी ओळखतो.

धनंजय


राजनांदगाव रोड
२० फेब्रुवारी

वसू,

सभेनंतर मी घरात पडलो, रक्ताची उलटी झाली, आन् मतदानाच्या आधीच शुभंकरनं मले इथं नशामुक्ती केंद्रात आणून टाकलं. हे तुले माहीतच आहे, तुह्या सांगण्यानंच झालं. इथं रजिस्टरवर माहं नाव रामाजी आहे. तुह्या वडिलांचं नाव कावून निवडलं, शुभंकरले दुसरं सुचलं नसन. पहिले मी हाकेले ओ देत नव्हतो, आता देतो. सगळ्यांचे केस बारीक कापतात इथं, मले आरशात पाहून माहीच ओळख पटत नाही. भिलाईचा इथं कोणी नाही. डोंगरगड, कवर्धा, खैरागड, तिकडचे लोक आहेत.

तू जिंकली ते टीव्हीवर पाहिलं. मंत्री झाली तेही. केंद्राच्या संचालकांनी त्या दिवशी खीर वाटली, का आता आपली अर्धवट राहिलेली नवीन इमारत पुरी होईन.

काल तू उद्घाटनाले आली.

सकाळपासून आमाले फरश्या धुवाले लावल्या. पांढरे सदरे वाटले आन् नवीन हॉलमध्ये दोन रांगा करून बसवलं. मले वाटलं, तुले माहीत आहे मी इथं आहो, म्हणून तू कारण काढून आली. सगळं झाल्यावर शुभंकर मले बाजूच्या खोलीत नेईन, तू दार लावून घेशीन. मी काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. आता साठ-सत्तर टक्के बरा आहो हे सांगणार होतो. घरी ने म्हणणार नव्हतो. फक्त सांगणार होतो.

तू एकेकाजवळ थांबत आली. बारीक झाली आहे तू. माह्याजवळ आली आन् तुहा हात कानाच्या कुडीवर गेला. घाबरली का तुहा हात तिथंच जाते, म्हणून ओळखलं नाही असं मले सांगू नको. शुभंकर खाली फरशीकडे पाहत होता. संचालक म्हणले, "ये रामाजी हैं, मैडम. अच्छा सुधार है."

तू म्हणली, "हिम्मत रखिए, रामाजी. परिवार साथ है ना?"

मी हात जोडून म्हणलं, "जी मैडम."

तू पुढच्याजवळ गेली.

भाषण झालं, फीत कापली, गाड्या गेल्या. माह्या बाजूले कवर्ध्याचा एक शाळामास्तर असते, बिचारा दोनदा येऊन गेलेला. तो म्हणे, "इसका आदमी भी बहुत पीता था. इसी ने छुड़वाई. ऐसी औरत मिले तो आदमी क्यों न सुधरे." मी विचारलं, आता कसा आहे तो? मास्तर म्हणे, "अच्छा ही होगा. मंत्री का आदमी है."

 तो सांगत राहिला, मी आयकत राहिलो. तुहीच गोष्ट, पण त्याच्या तोंडून आयकताना मले त्या मानसाचा हेवा वाटला.

शुभंकर महिन्याच्या शेवटी कपडे घेऊन येईन, त्याच्याच हाती हे पत्र देईन. उत्तर नको पाठवू. तू बाजूच्या खोलीत मले बलावलं नाही, तेव्हा मले समजलं का आपलं काय राहिलं आन् काय नाही. तुह्यावर मी आरोप करत नाही. तू तिथं कशी उभी होती ते मी पाहिलं. त्या हॉलमध्ये माह्यापेक्षा तूच जास्त बांधलेली होती.

भूमीले तू सांगतलं का बाबा गावी आहेत, साकोलीले, वावर पाहाले. मास्तरच्या फोनवरून मी तिले एकदा फोन लावला होता, तिनं उचलला, "कौन?" म्हणली, आन् मी ठेवून दिला. तर आता तसंच राहू दे. तिनं विचारलं तर सांग का धान निंघाल्यावर बाबानं वावरात लाखोळी पेरली, या वर्षी चांगली आली. घराचं छपर नीट करून घेतलं. सकाळी उठून बांधाबांधानं फिरतात, भूक चांगली लागते, आन् तिची आठवण काढतात.

तेवढं तुह्यानं सांगणं होईन.

रामाजी